गल्लीतल्या कुत्रीवर अत्याचार झाला तर कलम कोणतं लागतं? आणि कॅनडाच्या कोर्टाने असा निकाल कसा दिला?

रेवती_सुदामानगर

नमस्कार मंडळी. विषय इतका घाण आहे की लिहावं की नाही यातच बराच वेळ गेला पण विचारल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या गल्लीत एक घर बांधायला काढलंय, तिथे रात्री एका माणसाला गल्लीतल्या कुत्रीबरोबर नको ते करताना समोरच्या मुलाने पाहिलं, थोडंसं मोबाईलवर रेकॉर्डही झालंय. कुत्री कुणाची पाळीव नाही, आम्ही चारपाच घरं मिळून तिला खायला घालतो, नसबंदी झालेली आहे, सगळी लहान मुलं तिला चिमणी म्हणतात. मी आणि शेजारच्या काकू थान्यात गेलो. टीआय (थान्याचे प्रमुख) साहेब नीट बोलले, उगाच कशाला खोटं सांगू, पण म्हणाले मॅडम जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ आता राहिलंच नाही, नवीन संहितेत प्राण्यांचं असं कलम नाही, अदम चेक (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) काटून देतो, पुढे कोर्टात तुम्हीच जा. आणि दंड विचारला तर पन्नास रुपये! इंदूरात पन्नास रुपयांत दोघांचे पोहे-जलेबी पण धड होत नाहीत.

कॉलनीच्या ग्रुपवर अर्धे लोक हसण्याचे चेहरे टाकतायत आणि अर्धे म्हणतायत पकडा आणि हाणा. मला दोन्हीचा त्रास होतोय.

मग रात्री नेटवर वाचत बसले तर कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाची बातमी सापडली, की तिथे प्राण्याबरोबर लैंगिक प्रकार केला तरी जोपर्यंत प्रत्यक्ष संभोग नाही तोपर्यंत तो गुन्हा नाही म्हणून. म्हणजे एवढ्या पुढारलेल्या देशातले न्यायाधीश असं म्हणत असतील तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं? कुणी वकील असेल तर सांगा हा निकाल खरा आहे का, आणि आमच्या प्रकरणात नेमकं काय करता येईल.

सडेतोड_मल्हारगंज

ताई कलमबिलम सोडा. अशा माणसाला कॉलनीतच धरून सरळ करायला पाहिजे आणि न्यायाधीशांनाही कुणीतरी विचारायला पाहिजे की तुमच्या घरचं जनावर असतं तर हाच निकाल दिला असता का. मुकं जनावर आहे, तक्रार करू शकत नाही, म्हणून सगळे त्याच्यावर मोकळे. फाशी द्या, विषय संपवा.

वकील_एमजीरोड

रेवतीताई, मी इथे हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात प्रॅक्टिस करतो, थोडं सविस्तर लिहितो कारण त्या कॅनडाच्या बातमीचा लोकांनी फार चुकीचा अर्थ घेतलेला आहे.

तो निकाल खरा आहे, जून २०१६ चा आहे. आरोपीने सावत्र मुलींवर वर्षानुवर्षं अत्याचार केले होते आणि त्यात घरातल्या कुत्र्यालाही ओढलं होतं. मुलींवरच्या अत्याचारासाठी तो दोषी ठरला आणि ते तसंच राहिलं, म्हणजे तो काही मोकळा फिरायला लागला नाही हे आधी लक्षात घ्या. वाद फक्त एका आरोपाचा होता, पशुसंभोगाचा. ट्रायल कोर्टाने त्यात दोषी धरलं, ब्रिटिश कोलंबियाच्या अपील कोर्टाने त्यातून सोडलं, आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. अडचण अशी की त्यांच्या क्रिमिनल कोडच्या कलम १६० मध्ये गुन्ह्याचं नाव होतं, शिक्षा होती, पण त्याची व्याख्या कुठेच लिहिलेली नव्हती. मग कोर्टाने जुन्या इंग्लिश कायद्यातून चालत आलेला अर्थ धरला, आणि त्या अर्थात शरीरात लैंगिक प्रवेश हा आवश्यक भाग होता. सातपैकी सहा न्यायाधीश म्हणाले की हा अर्थ वाढवायचा असेल तर संसदेने वाढवावा, आम्ही वाढवला तर आम्ही नवा गुन्हा तयार केल्यासारखं होईल.

सातव्या न्यायाधीश होत्या अबेला मॅडम. त्या एकट्या विरोधात गेल्या. त्यांचं म्हणणं मला स्वतःला जास्त पटतं, की हा कायदा आजच्या काळात प्राण्यांचं शोषण थांबवण्यासाठी वाचायचा असेल तर प्रवेशाची अट कशाला, कित्येक प्राण्यांच्या बाबतीत तर शरीररचनेमुळे ते शक्यच नसतं, मग त्यांचं शोषण कायद्याच्या बाहेरच राहणार का. पण पटतं म्हणून मी बहुमताला नालायक म्हणणार नाही. सडेतोड भाऊ, तुमचा राग मला समजतो पण जरा विचार करा, उद्या न्यायाधीश स्वतःच्या संतापावरून गुन्ह्याचा अर्थ ताणायला लागले तर तो अर्थ तुमच्यामाझ्यावरही ताणला जाईल. माणसाने कृत्य केलं त्या दिवशी ते गुन्हा आहे हे कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे, आपल्या घटनेच्या कलम २०(१) मध्ये हेच आहे.

आता बातम्यांमध्ये न येणारा भाग. निकालानंतर तिथे खूप आरडाओरडा झाला, कॅनडात हे सगळं कायदेशीर झालं असे मथळे जगभर फिरले, लोकांनी न्यायाधीशांना शिव्या घातल्या. पण प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांनी संसदेकडे मोर्चा वळवला. एका खासदाराचं खासगी विधेयक २०१६ मध्येच पडलं. मग सरकारने २०१८ मध्ये स्वतःचं विधेयक आणलं आणि २१ जून २०१९ ला तो कायदा झाला. आता तिथली व्याख्या अशी आहे की लैंगिक हेतूने प्राण्याशी केलेला कोणताही संपर्क. बस, एवढंच. प्रवेश वगैरे काही नाही. शिवाय दोषी माणसाला पुढे प्राणी पाळायला बंदी घालण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. म्हणजे कोर्टाने बोट दाखवलं आणि तीन वर्षांत संसदेने भोक बुजवलं.

आपल्याकडे याच्या उलटं झालंय आणि मला त्याचा फार संताप येतो. आपल्याकडे १८६० पासून ३७७ होतं, त्यात पुरुष, स्त्री किंवा प्राणी असं स्पष्ट लिहिलेलं होतं, प्रवेश पुरेसा आहे असं स्पष्टीकरणही होतं, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. कोर्टांनी त्याचा अर्थ काही वेळा चांगला रुंदही घेतला, लाहोर हायकोर्टाचा १९३४ चा बैलाच्या प्रकरणातला निकाल आम्हाला कॉलेजात शिकवलेला आहे. मग ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर निकालात सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले, जे योग्यच होतं, आणि प्राण्यांचा भाग मुद्दाम तसाच ठेवला. पण १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ३७७ अख्खंच गायब. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये लिहून दिलं होतं की संमती नसलेले प्रकार आणि प्राण्यांचा भाग ठेवा. ठेवला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे सुप्रीम कोर्टापुढे गेलं तर कोर्टानेही तेच सांगितलं जे कॅनडाचं कोर्ट म्हणालं होतं, अमुक कृत्य गुन्हा आहे असं आम्ही ठरवू शकत नाही, ते संसदेचं काम.

तर तुमच्या टीआयने सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. बाकीचं संध्याकाळी लिहितो, आत्ता मॅटर लागलंय.

रेवती_सुदामानगर

वकीलसाहेब एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, खरंच आभार. पण मला एक कळत नाही, एकशे साठ वर्षं जे होतं ते काढताना कुणाच्याच लक्षात आलं नाही? समितीने लिहून दिलं तरी? वाचून जास्तच चीड आली.

जुनी_इंदूर_वाचक

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. इथे बायकांच्या केसेस वर्षानुवर्षं पडून आहेत, माझ्या मावसबहिणीची घरगुती हिंसाचाराची केस किती तारखा झाल्या तरी हलत नाही. अशा वेळी पोलिसांनी कुत्रीसाठी पळापळ करावी असं म्हणणं मला जड जातं. चिमणीचं वाईट वाटतं, पण क्रम असतो ना काही.

महूचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, महूच्या कॉलेजातून शिकलो, आता इंदूरातच दवाखाना आहे. आधी रेवतीताईंना काम सांगतो आणि मग जुनी इंदूर ताईंना उत्तर.

चिमणीला अजून डॉक्टरला दाखवलं नसेल तर आजच दाखवा. तिला अंघोळ घालू नका, जखमेवर हळद तेल काही लावू नका, जसं आहे तसं आणा. सरकारी पशुचिकित्सालयात नेलंत तर जास्त चांगलं कारण त्या कागदाला कोर्टात वजन असतं, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की हे पोलिस प्रकरण आहे, म्हणजे तो जखमांचं वर्णन, मोजमाप, फोटो आणि स्वॅब सगळं करेल. जेवढा उशीर तेवढं कमी सापडतं. तिने खाणंपिणं सोडलंय का, माणूस जवळ आला की दबकते का, बसताना त्रास होतो का, हे पण सांगा, लिहून घ्यायला लावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, ही सगळ्यांनी वाचा. रस्त्यावरच्या कुत्रीला मागून रक्त येतंय म्हणजे अत्याचारच झाला असं धरू नका. नसबंदी न झालेली मादी माजावर असली की रक्त येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांत एक संसर्गाने पसरणारी गाठ असते, टीव्हीटी म्हणतात, ती कुत्र्यांच्या आपापसातल्या संबंधातून पसरते, फुलकोबीसारखी दिसते आणि तिच्यातून सारखं रक्त गळतं. व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन दर आठवड्याला असं काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्री छान बरी होतात. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात ते वेगळंच. लोक अशी कुत्री घेऊन येतात आणि गल्लीतल्या एखाद्या गरीब मजुराचं नाव घेतात, ग्रुपवर फोटो फिरवतात, आणि मी तपासतो तर गाठ निघते. तोपर्यंत त्या माणसाला मार बसलेला असतो. तुमच्याकडे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार आहे म्हणून तुमची गोष्ट वेगळी, पण म्हणूनच आधी तपासणी, मग बाकी सगळं.

जुनी इंदूर ताई, तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण क्रम लावायला गेलं तर या गोष्टी एकमेकींपासून तुटत नाहीत. ते कॅनडाचंच प्रकरण बघा, कुत्रा आणि पोरी एकाच घरात एकाच माणसाच्या हातात होत्या. मी दवाखान्यात जेव्हा असं जनावर बघतो तेव्हा पहिला विचार मनात येतो की त्या घरात लहान मुलं आहेत का. जनावराची केस नीट नोंदली गेली तर कधीकधी मुलांपर्यंत कुणीतरी वेळेत पोचतं.

जुनी_इंदूर_वाचक

हे मी असं कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर, मुलांचा संबंध असेल तर मग कायदा आहे का?

वकील_एमजीरोड

हो, मुलाला अशा प्रकारात कुठेही ओढलं असेल तर पॉक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहेच, तिथे ३७७ गेल्याने काही फरक पडत नाही. ते थेट दखलपात्र आहे, अदम चेक वगैरे नाही.

आता रेवतीताईंचं राहिलेलं.

प्राणी क्रूरता कायदा १९६० चं कलम ११ आहे. त्याच्या पहिल्या भागात प्राण्याला मारणं, छळणं, विनाकारण वेदना देणं येतं. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकं तसेच आहेत, कुणी वाढवलेले नाहीत. आणि हा भाग अदखलपात्र आहे म्हणून तुम्हाला अदम चेक मिळालं. पण याच कलमात प्राण्याचा अवयव तोडणं किंवा क्रूर पद्धतीने मारणं याचा एक वेगळा उपभाग आहे तो दखलपात्र आहे. दुसरं, न्याय संहितेचं कलम ३२५, प्राण्याला ठार करणं, विष घालणं, अपंग करणं, निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दखलपात्र. जुन्या कायद्यात प्राण्याची किंमत दहा रुपये आहे की पन्नास हे बघायचे, आता तसं नाही, कोणताही प्राणी चालतो. म्हणजे डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये गंभीर, कायमची इजा निघाली तर तुम्ही ३२५ मागू शकता. समोरचा वकील म्हणेल की हे कलम मालमत्तेच्या नुकसानीच्या प्रकरणात येतं आणि रस्त्यावरची कुत्री कुणाचीच मालमत्ता नाही, हा वाद होणार, तरी भटक्या कुत्र्यांसाठी या कलमात एफआयआर होतात. पण जखम नसेल, किंवा भरून येण्यासारखी असेल, तर हात रिकामे. इथेच व्याख्येचा प्रश्न किती खरा आहे ते समजतं. कायदा विचारतो की जनावराला किती दुखलं, किती मोडलं. त्याच्याबरोबर काय केलं गेलं हे तो विचारतच नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. थान्यात लेखी आवेदन द्या, पावती घ्या. त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये कॉन्स्टेबलच्या वरच्या पोलिस अधिकाऱ्याला प्राणी ताब्यात घेऊन पशुवैद्याकडून तपासायचा अधिकार आहे, ते कलम आवेदनात लिहा. अदम चेकची कॉपी घेऊन मॅजिस्ट्रेटकडे जा, तपासाचा आदेश मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कलम ३६, या कायद्याखाली केस घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल झाली पाहिजे. बघू, करू, दिवाळीनंतर, असं केलंत तर सगळं संपलं.

व्हिडिओ कुणालाही फॉरवर्ड करू नका, ग्रुपवर असेल तर लगेच काढायला लावा. अश्लील मजकूर पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ मध्ये गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. विचार करा, ज्याने अत्याचार केला त्याला पन्नास रुपये आणि ज्याने रागाच्या भरात क्लिप पाठवली त्याला तीन वर्षं. ज्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड झालंय तो तसाच सांभाळून ठेवा, क्लिप कापू नका.

सडेतोड_मल्हारगंज

वकीलसाहेब तुमचं वाचून एवढं कळलं की राग दिल्लीवर काढायला पाहिजे. पण मग जंगलातल्या जनावरांचं काय? मागे महाराष्ट्रात घोरपडीची ती भयानक बातमी आली होती, तिथे तर पकडले होते.

वकील_एमजीरोड

बरोबर, २०२२ चं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. शिकारी म्हणून जंगलात घुसलेल्या लोकांना वनखात्याने पकडलं आणि त्यांच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ निघाला. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे त्यामुळे तिथे दात असलेला कायदा हाताशी होता. गल्लीतल्या कुत्रीला, गोठ्यातल्या गाईला, बकरीला तो नाही. आणि त्या वेळची लोकांची प्रतिक्रिया आठवा, सोशल मीडियावर दोन दिवस नुसते विनोद चालले होते. मला वाटतं कायदा इतका स्वस्तात काढून टाकता आला याचं एक कारण हे हसणं पण आहे. ज्या विषयावर लोक हसतात किंवा शी म्हणून तोंड फिरवतात त्यावर कुठला खासदार उभा राहून बोलणार? केंद्राने २०२२ मध्ये क्रूरता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता, त्यात माणसाने प्राण्याशी केलेला कोणताही लैंगिक प्रकार हा भीषण क्रूरतेत धरला होता, म्हणजे कॅनडासारखीच रुंद व्याख्या तयार लिहिलेली होती. लोकांच्या सूचना मागवल्या. पुढे तो कायदा झालाच नाही. शब्द तयार आहेत हो, फक्त कुणीतरी ते सभागृहात ठेवायचे आहेत.

तिळकनगरचे_काका

मी निवृत्त माणूस, कायद्यातलं कळत नाही, पण खासदारांना पत्र लिहायचं असेल तर मराठी, हिंदी दोन्हीत मसुदा करून देतो. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळातले लोक सही करतील. विषय ऐकून काही जण नाक मुरडतील, मी समजावेन.

रेवती_सुदामानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. चिमणीला आज सरकारी दवाखान्यात दाखवलं, आत जखम आहे, टाके लागले नाहीत, औषधं सुरू केली, स्वॅब घेतलेत, रिपोर्ट लेखी मिळाला. गाठ नाही हे पण डॉक्टरांना विचारून घेतलं, त्यांनी तसं लिहून दिलंय. ग्रुपवरून क्लिप काढायला लावली, दोघं काढत नव्हते त्यांना कलम ६७ पाठवलं तर लगेच काढली. ज्या मुलाने पाहिलं त्याची आई साक्षीला तयार नव्हती, वय सोळा आहे त्याचं, ती घाबरली होती, शेजारच्या काकू तिच्याशी बोलल्या, आता म्हणते की मी बरोबर असेन तर देईल तो साक्ष. तो माणूस बांधकामावरच राहतो, तिथे त्याची बायको आणि एक छोटी मुलगी आहे. डॉक्टरांचं वाचल्यापासून माझ्या डोक्यात ती मुलगीच आहे, तर चाइल्डलाइनच्या १०९८ ला पण फोन केला, ते येऊन बघणार आहेत. कुणीही त्या माणसाला हात लावणार नाही असं कॉलनीत सगळ्यांना सांगितलंय, ऐकतील असं वाटतंय.

सोमवारी सकाळी आवेदन घेऊन थान्यात आणि तिथून कोर्टात जाणार. वकीलसाहेब, ३४ आणि ३२५ दोन्ही आवेदनात लिहिलेत, पाठवते, एकदा नजर टाका. काका, पत्रात २०२२ च्या मसुद्यातली व्याख्या आणि स्थायी समितीची शिफारस दोन्ही घ्या, आणि क्रूरता कायद्यातली तीन महिन्यांची मुदत वाढवा हे पण लिहा. सडेतोड भाऊ, तुम्ही मल्हारगंजातून सह्या गोळा करा.

सडेतोड_मल्हारगंज

करतो. सोमवारी थान्यात पण येतो, किती वाजता ते सांगा.